सर्पगंधेपासून फ्लुऑक्सेटीनपर्यंत

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो का, हे त्यांनी पन्नास रुग्णांवर पद्धतशीर तपासलं होतं. सर्पगंधा आपल्याकडे नवी नव्हती. सह्याद्रीच्या ओल्या रानात ती उगवते, बंगाल-बिहारातही उगवते. वैद्यांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या होती. उत्तरेत तर ‘पागल की दवा’ हेच तिचं लोकांतलं नाव होतं. वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते, असं कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्येच लिहून ठेवलं होतं. पण त्यांचं लिखाण भारताबाहेर फारसं पोचलं नाही. वकिलांचा लेख पोचला. तो वाचून बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांना ही मुळी द्यायला सुरुवात केली. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन.

नैराश्यावरच्या औषधाची हकिगत रक्तदाबाच्या मुळीपासून सुरू करायला कारण आहे. फ्लुऑक्सेटीन ही आज जगभर दिली जाणारी गोळी. तिचा माग काढत मागे गेलं, की आपण याच मुळीपाशी येऊन थांबतो.

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा, घड्या घातलेला एक कागद असतो. आपल्याकडे पट्टी कापून चार-सहा गोळ्या हातात मिळतात आणि कागद दुकानातच राहतो. फ्लुऑक्सेटीनच्या त्या कागदावरची जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची सूचना कुठल्या ना कुठल्या रुग्णाच्या सोसण्यातून आलेली आहे. कुणाला तरी त्रास झाला, कुणी दगावलं, आणि जवळच्या माणसाच्या ते लक्षात आलं. या गोळीबद्दल आपल्याकडे ‘सवय लागते, माणूस कामातून जातो’ अशी धास्ती असते, किंवा ‘घ्या, काही होत नाही’ असा दिलासा दिला जातो. ही गोळी कशी घडली आणि तिच्यावरचे इशारे कसे घडले, हे माहीत असेल तर या दोन्हींवर विसंबून राहण्याची वेळ येत नाही.

रेसर्पिन दोन कामांसाठी वापरलं जाऊ लागलं. रक्तदाबाच्या रुग्णांना ते दिलं जात होतंच. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना दिलं आणि आरडाओरडा, मारहाण करणारी माणसं शांत झाल्याचं १९५४मध्ये जाहीर केलं. १९५७चा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला त्यांत मुंबईचे वकीलही होते आणि हे क्लाइनही होते.

मात्र रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण काही महिन्यांनी उदास होऊ लागले. कशातच रस नाही, पहाटे जाग येते, जगून काय करायचं असे विचार येतात, अशा तक्रारी डॉक्टरांकडे येऊ लागल्या आणि १९५४-५५पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या गेल्या. त्या नोंदी सगळ्याच पक्क्या नव्हत्या, असं पुढच्या पिढीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. रेसर्पिन घेणाऱ्या फार थोड्यांना खरं नैराश्य आलं असावं. पण त्या काळात या निरीक्षणाने संशोधकांना कामाला लावलं. अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५मध्ये दिसलं, की रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिकामा होतो. चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी द्रव्यं वापरतात त्यांतलं हे एक. स्वीडनहून आलेले आर्विड कार्लसन नावाचे तरुण शास्त्रज्ञ त्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून गेले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

याच सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात वेगळंच चाललं होतं. युद्ध संपल्यावर जर्मन अग्निबाणांच्या इंधनातलं हायड्रझीन स्वस्तात उपलब्ध झालं होतं. त्यापासून औषध कंपन्यांनी नवी द्रव्यं तयार केली. त्यांतली दोन, आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड, क्षयावर लागू पडली. इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण तर भलतेच तरतरीत झाले. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं वॉर्डमध्ये नाचताहेत, अशी छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. क्षयाच्या डॉक्टरांना हा उत्साह अडचणीचा वाटला, कारण रुग्णाने विश्रांती घ्यावी असा तेव्हा दंडक होता. क्लाइनना मात्र त्यात औषध दिसलं. १९५७मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि वर्षभरात लाखो लोक ही गोळी घेऊ लागले. कावीळ आणि यकृत निकामी होण्याच्या घटना घडल्यावर १९६१मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ती मागे घेतली गेली.

त्याच जातीची, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम रोखणारी दुसरी औषधं मात्र चालू राहिली. ब्रिटनमध्ये ट्रॅनिलसायप्रोमिन जोरात खपत होतं. काही रुग्णांचं डोकं अचानक प्रचंड दुखायचं, रक्तदाब भडकायचा आणि कुणाच्या मेंदूत रक्तस्राव व्हायचा. कारण कळत नव्हतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात शिकत असलेले बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने त्यांना पत्र पाठवलं. या फार्मासिस्टची बायको हेच औषध घेत होती आणि दोनदा चीज खाल्ल्यावर तिला नेमका हाच त्रास झाला होता. चीजमधल्या एखाद्या द्रव्याशी याचा संबंध असेल का, असं त्याने विचारलं होतं. ब्लॅकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आधी हसूच आलं. तरीही ब्लॅकवेलनी स्वतः ती गोळी घेऊन चीज खाऊन पाहिलं. काही झालं नाही. मग एकेक रुग्ण सापडत गेला, जेवणात काय होतं याची चौकशी होत गेली, आणि उत्तर पुन्हा पुन्हा तेच येऊ लागलं.

मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. एरवी आतडं आणि यकृत यांतलं ते एन्झाइम टायरामिन वाटेतच मोडून टाकतं. गोळीने एन्झाइम बंद पाडलं, की टायरामिन जसंच्या तसं रक्तात जातं आणि रक्तदाब काही मिनिटांत भडकतो. फार्मासिस्टची शंका खरी होती. १९६४मध्ये ट्रॅनिलसायप्रोमिन अमेरिकेत काही महिने बाजारातून काढलं गेलं आणि पथ्याच्या सूचना जोडून परत आणलं गेलं. गोळीच्या पाकिटात पदार्थांची यादी यायला लागली ती तेव्हापासून. मला या प्रसंगात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते ते पत्र. कुठलाही प्रयोग हाताशी नसताना एका नवऱ्याने बायकोच्या ताटाकडे आणि तिच्या डोकेदुखीकडे एकत्र पाहिलं, एवढंच नाही तर ते लिहून कळवलं.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगन नावाचं मनोरुग्णालय आहे. गायगी कंपनीने तिथले डॉक्टर रोलांड कून यांना G22355 या क्रमांकाचं द्रव्य स्किझोफ्रेनियावर चालतं का ते पाहायला दिलं. स्किझोफ्रेनियावर ते चाललं नाही. १९५६च्या जानेवारीत कूननी ते तीव्र नैराश्य असलेल्या एका महिलेला दिलं आणि थोड्याच दिवसांत परिचारिकांनाही जाणवेल इतका तिच्यात फरक पडला. आणखी रुग्णांवर पाहून त्यांनी १९५७मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी झुरिकच्या जागतिक परिषदेत ते बोलले तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. हे औषध म्हणजे इमिप्रामिन. त्याच्या कुळातली अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं आजही आपल्याकडे लिहून दिली जातात. कूनच्या कीर्तीला पुढे डाग लागला. म्युन्स्टरलिंगनमध्ये कितीतरी रुग्णांवर, मुलांवरसुद्धा, त्यांची नीट संमती न घेता नव्या द्रव्यांचे प्रयोग झाले होते. थुर्गाऊ प्रांताच्या सरकारने इतिहासकारांकडून त्याची चौकशी करवून घेतली आणि २०१९मध्ये तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. ज्या वॉर्डने जगाला पहिलं भरवशाचं नैराश्यरोधक औषध दिलं, त्याच वॉर्डची ही गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

इमिप्रामिनच्या कुळात एक भयंकर अडचण होती. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, बद्धकोष्ठ, उठताना चक्कर हे रोजचे त्रास होतेच. पण एकदम जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. नैराश्यात जीव नकोसा झालेल्या माणसाच्या उशाशी महिनाभराच्या गोळ्या ठेवायच्या, आणि त्याच गोळ्या जीव घेऊ शकतात, ही अडचण साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाला रात्री झोपू देत नसणार. डॉक्टर आठवड्याचीच औषधं लिहून देत, डबी नातेवाइकांच्या हाती सोपवत. फ्लुऑक्सेटीन पुढे इतक्या झपाट्याने का स्वीकारलं गेलं, याचं सगळ्यांत मोठं कारण इथे आहे. ते जुन्या औषधांपेक्षा जास्त गुणकारी नव्हतं, आजही नाही. पण ते एकटंच जास्त प्रमाणात पोटात गेलं तर माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक होती.

सेरोटोनिनवर नेम धरून औषध करण्याची पहिली यशस्वी खटपट कार्लसननी केली. सोडलेलं सेरोटोनिन चेतापेशी पुन्हा आत ओढून घेते. ते ओढून घेणं रोखलं, तर दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ टिकेल, असा विचार होता. स्वीडनमध्ये आस्त्रा कंपनीबरोबर त्यांनी झिमेलिडिन तयार केलं. १९८२मध्ये ते बाजारात आलं. थोड्याच काळात काही रुग्णांना गियाँ-बारे हा आजार झाला. त्यात हातपाय लुळे पडत जातात. १९८३मध्ये औषध मागे घेतलं गेलं. इतकी वर्षं ज्या द्रव्यावर घालवली ते दीड-दोन वर्षांत संपलं, पण मागे घेण्याचा निर्णय लवकर झाला, हे महत्त्वाचं.

अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात इलाय लिली कंपनीत तोवर दुसरं द्रव्य तयार होतं. रे फुलर, स्कॉटलंडहून आलेले रसायनतज्ज्ञ ब्रायन मलॉय आणि हाँगकाँगमध्ये जन्मलेले डेव्हिड वाँग अशी मंडळी त्यावर काम करत होती. सर्दी-ॲलर्जीवर वापरलं जाणारं डायफेनहायड्रामिन घेऊन मलॉय त्याच्या रेणूत इथे-तिथे बदल करून नवी नवी द्रव्यं बनवत. वाँगकडे ती तपासायची एक युक्ती होती, जी १९७१मध्ये सॉलोमन स्नायडर यांनी लिलीत येऊन दिलेल्या व्याख्यानातून त्यांना मिळाली होती. उंदराचा मेंदू साखरेच्या द्रावणात हळुवार घोटायचा. त्यात चेतापेशींची टोकं तुटतात, पण तुटलेलं टोक फुग्यासारखं पुन्हा मिटतं आणि काही वेळ जिवंत पेशीसारखंच काम करत राहतं. यंत्रात गरागरा फिरवून ही टोकं गाळाच्या रूपात वेगळी काढायची. मग किरणोत्सर्गी सेरोटोनिन घालायचं आणि किती आत ओढलं गेलं ते मोजायचं. चाचणी द्रव्य घातल्यावर सेरोटोनिन बाहेरच राहिलं पण नॉरॲड्रेनालिन हे दुसरं निरोप्या द्रव्य नेहमीसारखं आत गेलं, तर हवं ते सापडलं. १९७२च्या उन्हाळ्यात एका परीक्षानळीने नेमका असा आकडा दिला. त्या द्रव्यावर १९७४मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचं नाव फ्लुऑक्सेटीन ठेवलं गेलं.

कंपनीला त्याचं काय करायचं ते लगेच कळलं नाही. रक्तदाबावर, वजन कमी करण्यावर चालेल का, असेही विचार झाले. नैराश्याच्या चाचण्यांत आधी दिवसाला ६० ते ८० मिलिग्रॅम देत. मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं यांनी रुग्ण जेरीस येत. पुढे ठरावीक मात्रांची तुलना झाली तेव्हा २० मिलिग्रॅमने तितकाच गुण येतो असं दिसलं. डॉक्टर आजही सुरुवातीला २०च्या पलीकडे जायची घाई करत नाहीत, ते त्या चाचण्यांमुळे. २९ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मंजुरी दिली. प्रोझॅक नावाने ते १९८८च्या सुरुवातीला दुकानांत आलं. १९९०च्या मार्चमध्ये ही हिरवी-पांढरी कॅप्सूल ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर होती. एक औषध इतकं प्रसिद्ध होणं बरं नव्हतं, असं मागे वळून पाहताना वाटतं. फक्त नाखूश असलेली, लाजाळू, कामात मंद वाटणारी माणसंही ते मागू लागली. दुसरीकडे, वर्षानुवर्षं घरात कोंडून बसलेली, लाजेखातर कुणाला न सांगणारी माणसंही प्रथमच डॉक्टरकडे गेली, हेही तितकंच खरं.

त्याच १९९० सालच्या फेब्रुवारीत बॉस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयातले मार्टिन टायकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकिगत छापली. फ्लुऑक्सेटीन सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत या सहाही जणांच्या मनात स्वतःला संपवण्याचे तीव्र, हिंसक विचार घोळू लागले होते. त्यांपैकी काहींना आधीही असे विचार येत, पण या स्वरूपाचे नव्हते. सहा म्हणजे काहीच नाहीत, आणि नैराश्याच्या आजारातच मरणाचे विचार असतात. मग औषधाचा दोष कसा ओळखायचा? २० सप्टेंबर १९९१ रोजी एफडीएच्या सल्लागार समितीने खुली सुनावणी घेतली. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं अशी माणसं तिथे येऊन बोलली. समितीने विश्वासार्ह पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. ज्या चाचण्यांच्या आधारे तो काढला, त्या हा प्रश्न विचारण्यासाठी आखलेल्याच नव्हत्या. प्रौढ रुग्णांची सरासरी पाहिली तर आत्महत्येचे विचार कमीच होत होते. त्या सरासरीखाली कुणा एका वयोगटात उलटं घडत असेल, तर ते दिसणार नव्हतं.

उत्तर मिळायला आणखी तेरा वर्षं लागली, आणि त्यातली बरीच वर्षं माहिती दडवण्यात गेली. पॅरॉक्सेटिन या फ्लुऑक्सेटीनच्याच जातीच्या दुसऱ्या औषधाची चाचणी २७५ किशोरवयीन मुलांवर झाली होती. ‘स्टडी ३२९’ म्हणून ती ओळखली जाते. २००१मध्ये छापलेल्या निबंधात औषध मुलांना लागू पडतं आणि सोसतं असं म्हटलं होतं. मूळ आकडे तसं म्हणत नव्हते. २००३मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी कंपन्यांकडून न छापलेल्या चाचण्याही मागवून पाहिल्या आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या नैराश्यासाठी या जातीतलं फ्लुऑक्सेटीन सोडून बाकीचं देऊ नये असं सांगितलं. २००४मध्ये न्यूयॉर्क राज्याने पॅरॉक्सेटिनच्या कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. एफडीएने २४ चाचण्यांमधल्या ४,४००हून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती औषध घेणाऱ्यांत शंभरात चार जणांत दिसली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोन जणांत. एकाही मुलाचा जीव गेला नव्हता. ऑक्टोबर २००४मध्ये या सगळ्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा आला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ४३९ किशोरवयीन मुलांवरची टॅड्स ही चाचणी प्रसिद्ध झाली होती. बारा आठवड्यांनी साखरेच्या गोळीवर शंभरातली ३५ मुलं सुधारली, नुसत्या समुपदेशनावर ४३, नुसत्या फ्लुऑक्सेटीनवर ६१ आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांत ७१. म्हणजे मुलांना धोका होता, आणि मुलांना गुणही येत होता. दोन्ही एकाच वर्षात, एकाच औषधाबद्दल समोर आलं.

पुढे जवळजवळ एक लाख प्रौढांच्या ३७२ चाचण्या तपासल्या गेल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. २५ वर्षांखाली धोका थोडा वाढतो, त्यानंतर वाढत नाही आणि ६५च्या पुढे तर कमी होतो. २००७मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंत वाढवला गेला. १९९१च्या समितीला सरासरीत जे दिसलं नव्हतं, ते वयाप्रमाणे पाहिल्यावर दिसलं. टायकरांनी उपस्थित केलेली शंका निराधार नव्हती.

इशाऱ्याचाही परिणाम झाला. अमेरिकेत डॉक्टर मुलांना ही औषधं लिहून द्यायला कचरू लागले. त्यामुळे उपचाराविना राहिलेल्या मुलांचं काय झालं, यावर अजून वाद आहे. इशाऱ्याचा मूळ अर्थ औषध देऊ नका असा नव्हता. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना रुग्णाला वरचेवर भेटा, असा होता. गोळी सुरू झाल्यावर मूड सुधारायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. अस्वस्थपणा, तगमग, झोप उडणं मात्र पहिल्या काही दिवसांतच येऊ शकतं. तरुण मुलगा किंवा मुलगी रात्रभर येरझाऱ्या घालू लागली, भलतंच बोलू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरला कळवायचं, ते यासाठी. एरवी गप्प असलेला माणूस एकाएकी अतिउत्साही झाला, झोपेविना राहू लागला, पैसे उधळू लागला, तरी कळवायचं. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात नुसती ही गोळी उन्मादाला धक्का देऊ शकते.

दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या टकरींची गोष्ट वेगळ्या वाटेने कळत गेली. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची एक मुलगी ताप आणि झटके घेऊन आली. ती ट्रॅनिलसायप्रोमिनच्याच जातीचं फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं गेलं आणि काही तासांत ती गेली. दोन्ही मिळून सेरोटोनिन बेफाम वाढलं असावं, असं पुढे बहुतेक तज्ज्ञांचं मत झालं. तिच्या वडिलांनी लावून धरलेल्या लढ्यातून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. फ्लुऑक्सेटीन आल्यावर याच कारणाने आणखी मृत्यू झाले, कारण ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. त्याचं अर्ध प्रमाण उतरायला काही दिवस लागतात. त्यापासून शरीरात बनणारं नॉरफ्लुऑक्सेटीन अर्ध्यावर यायलाच एक-दोन आठवडे लागतात. रुग्णाने गोळी बंद केलेली असते, पण औषध अजून अंगात असतं. म्हणून फ्लुऑक्सेटीन थांबवून मोनोअमाइन ऑक्सिडेझ रोखणारं औषध सुरू करायचं असेल तर निदान पाच आठवडे थांबायचं, ही सूचना आली. वेदनेवरचं ट्रॅमाडॉल, जंतुसंसर्गावरचं लिनेझोलिड यांच्याबरोबरही तीच काळजी. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत कारण वेगळं आहे. यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे टॅमॉक्सिफेन कामाचं बनतं, तेच फ्लुऑक्सेटीन दाबून टाकतं.

रेंगाळण्याचा एक फायदाही निघाला. पॅरॉक्सेटिनसारखं लवकर उतरणारं औषध एकदम बंद केलं तर चक्कर, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असे त्रास अनेकांना होतात. फ्लुऑक्सेटीन आपोआपच हळूहळू उतरतं, म्हणून तो त्रास कमी असतो. तरीही मनाने बंद करणं धोक्याचंच, कारण आजार उलटू शकतो, आणि तो उलटतो तेव्हा गोळी सोडून महिना-दोन महिने झालेले असल्याने घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

नैराश्याशिवाय हे औषध ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे हात धूत राहणं, पुन्हा पुन्हा कुलूप तपासणं अशा आजारावर, अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांवर, आणि भरमसाट खाऊन ओकून टाकण्याच्या बुलिमिया या विकारावर मंजूर झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भारतात ते स्वस्त मिळतं, त्याचं कारण १९७०चा पेटंट कायदा. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे अमेरिकेतलं पेटंट २००१पर्यंत चालू असतानाही आपल्याकडच्या कंपन्या ते बनवू शकल्या. ज्या माणसाला महिन्याला शेकडो रुपये परवडले नसते, त्याच्यापर्यंत औषध पोचलं ते या कायद्यामुळे. त्याच्यापर्यंत डॉक्टर पोचला का, हा प्रश्न अजून तसाच आहे.

औषध खरोखर किती चालतं, यावरही खूप पाणी वाहून गेलं. २००८मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी एफडीएकडे नोंदवलेल्या बारा नैराश्यरोधकांच्या ७४ चाचण्या काढून पाहिल्या. जवळजवळ एक तृतीयांश कधी छापल्याच गेल्या नव्हत्या. छापलेल्या निबंधांवरून शंभरात ९४ चाचण्या यशस्वी वाटत. एफडीएच्या मूळ नोंदींवरून जेमतेम ५१. २०१८मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने छापलेल्या-न छापलेल्या ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण एकत्र करून ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिला: एकवीसही औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस, पण फरक माफक. २०२२मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी पडणं, या समजुतीला भक्कम आधार नाही. रेसर्पिनपासून सुरू झालेल्या त्या सरळ तर्काचा इथे बहुधा शेवट झाला. गोळी का चालते, हे आज १९७२पेक्षा जास्त गुंतागुंतीचं वाटतं. ज्यांना ती चालली आहे, त्यांच्या बाबतीत ती चाललीच आहे.

सगळ्यांत ठोस बदल मात्र कागदोपत्री झाला. माणसांवरची चाचणी सुरू करण्याआधी ती सार्वजनिक नोंदवहीत लिहायची, म्हणजे निकाल वाईट आला म्हणून ती झालीच नाही असं कुणाला म्हणता येऊ नये, अशी मागणी स्टडी ३२९सारख्या प्रकरणांनंतर जोर धरू लागली. भारतातली अशी नोंदवही, सीटीआरआय, जुलै २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून औषध चाचण्यांची नोंद बंधनकारक झाली. २०१५मध्ये स्टडी ३२९ची मूळ कागदपत्रं मिळवून स्वतंत्र संशोधकांनी ती पुन्हा तपासली आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं, की पॅरॉक्सेटिन त्या मुलांना लागू पडलं नव्हतं आणि अपाय वाढले होते. २००१चा मूळ निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याने तो तेव्हाही मागे घेतला नाही.